गावरान कोंबडीचे प्रमाण कोणी ठरवायचे?

भिवंडीत कापडाचा सौदा होतो तेव्हा सुताचा नंबर, रीड आणि पिक सांगितल्यावाचून भाव ठरत नाही. त्याच भिवंडीत ‘गावरान’ म्हणून कोंबडी किंवा अंडे विकले जाते, तेव्हा मात्र पिसांचा रंग आणि कवचाचा तपकिरीपणा एवढाच पुरावा पुरेसा मानला जातो. वास्तविक कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. ती परसात वाढली की पिंजऱ्यात, हे त्यावरून कळत नाही. प्रमाण नसलेल्या मालाचा जादा भाव बहुधा मध्यस्थाकडे जातो. तालुक्यातील वारली, कातकरी वा आगरी घरांत खुराडे सांभाळणाऱ्या स्त्रीच्या पदरात तो पडेलच, याची शाश्वती नाही.

तेव्हा गावरान जातीचे प्रमाण निश्चित करावे, ही मागणी रास्तच म्हणावी लागेल. तथापि प्रमाण ठरविल्याने काय साधते आणि काय बिघडते, याचा धडा इंग्लंडमधील ऑर्पिंग्टन कोंबडीच्या इतिहासात मिळतो. केंट परगण्यातील ऑर्पिंग्टन या गावी विल्यम कुक यांनी १८८६ मध्ये मिनोर्का, लँगशान आणि प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून ही काळी जात तयार केली. सामान्य कुटुंबाला अंडीही मिळावीत आणि मांसही, हा तिचा हेतू होता. पुढे ती प्रदर्शनांत उतरली. तुरा, रंग, बांधा आणि पिसारा यांवर गुण मिळू लागले आणि पैदासकारांनी गुणांसाठीच निवड केली. पिसारा वाढला, देखणेपण वाढले, पण अंडी देण्याच्या मूळ गुणाकडे दुर्लक्ष झाले. याच काळ्या ऑर्पिंग्टनची निवड ऑस्ट्रेलियात अंडी मोजून होत राहिली. तिथे १९२२-२३ मध्ये सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली, म्हणजे प्रत्येकी सरासरी ३०९.५. तीच आपल्याकडेही परिचित झालेली ऑस्ट्रलॉर्प. मूळ रक्त एकच, परंतु मोजमाप बदलताच जात बदलली.

म्हणून केवळ रंगावर आधारलेले प्रमाण निरुपयोगी ठरेल. केवळ अंड्यांच्या संख्येवर आधारलेले प्रमाणही परसातील अर्थव्यवहाराला पुरे पडणार नाही. अधिक अंड्यांसाठी निवडलेली कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. अशी कोंबडी पाळणाऱ्या घराला दरवेळी नवी पिल्ले विकत घ्यावी लागतात. गावरान कोंबडी अंडी कमी देते. पण ती स्वतः उबवते, पिल्ले वाढवते, उकिरड्यावर चरून पोट भरते आणि घार-मुंगसाची चाहूल ओळखते. रोकड नसलेल्या घरात हे गुण म्हणजे भांडवलच होय.

हे भांडवल आज नकळत झिजत आहे. श्रावणापूर्वीच्या गटारीला आणि जत्रांच्या दिवसांत सर्वांत भारदस्त कोंबड्याला सर्वाधिक भाव येतो, म्हणून तोच आधी विकला जातो. पुढची पैदास मागे राहिलेल्या किरकोळ नराकडून होते. यात पालकाचा दोष नाही. नड असलेला माणूस उद्याच्या पिढीसाठी आजचा भाव सोडू शकत नाही. परंतु अशी निवड वर्षानुवर्षे चालली, तर जातीचा ऱ्हास अटळ आहे.

उपाय फार खर्चाचा नाही. पशुसंवर्धन खात्याने गावोगावचे उत्तम नर बाजारभावाने विकत घेऊन पैदाशीसाठी त्याच पालकांकडे ठेवावेत आणि जवळच्या नात्यातील संकर टाळण्यासाठी ठरावीक काळाने त्यांची गावांत अदलाबदल करावी. कोंबडी किती वेळा खुडूक बसली, किती पिल्ले जगली आणि किती अंडी मिळाली, याची साधी नोंदवही महिला बचत गटांकडे असावी. देशी जातींची नोंदणी कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे होते. परंतु तिथवर जाण्याआधी अशा नोंदींचा पाया घालावा लागेल.

भिवंडीच्या खेड्यांत गोदामे वाढत आहेत आणि परस आक्रसत आहेत. परस उरला नाही, तर परसातल्या कोंबडीचे प्रमाण कागदावरच राहील. ते ठरवायचे असेल तर आत्ताच ठरवले पाहिजे, आणि प्रदर्शनाच्या परीक्षकापेक्षा किंवा व्यापाऱ्यापेक्षा खुराड्याचे दार रोज उघडणाऱ्या स्त्रीचे मत त्यात प्रथम घेतले पाहिजे.