दिव्याखालचे गाव

कोळसा उगाळावा तितका काळाच, असे आपण म्हणतो. ही म्हण ज्याने केली त्याने चुलीतला कोळसा पाहिला असेल. चंद्रपूर खचित पाहिले नसेल. त्या गावाचा कोळसा उगाळू लागले, की आधी गोंड राजे दिसू लागतात.

खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरचे फोड झरपट नदीच्या पाण्याने बरे झाले आणि पुढे तिथेच राजधानी वसली, अशी कथा सांगतात. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार वेशींचा परकोट अजून उभा आहे. झरपटेच्या काठी महाकालीचे देऊळ आहे. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. १७५१ साली राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला. पण गोंडांचे नाव काही बुडाले नाही. ज्या थरांत हा कोळसा सापडतो त्यांना भूगर्भशास्त्रज्ञांनी 'गोंडवन' म्हटले. आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया ज्यातून फुटून निघाले त्या आदिखंडालाही तेच नाव मिळाले! एवढे मोठे स्मारक आपल्याकडे दुसऱ्या कोणत्या राजकुळाला लाभले?

इंग्रजांनी वरोऱ्याला खाण चालवली. ती १९०६ साली बंद पडली. मग बल्लारपूर, माजरी, घुग्घुस, दुर्गापूर अशा खाणी वाढत गेल्या. १९७३ साली त्या सरकारच्या झाल्या. खाणींमागून तेलंगणातली, उत्तरेकडची माणसे आली आणि बाजारात वऱ्हाडीच्या जोडीला तेलुगू नि हिंदी नांदू लागली. १९८३ पासून दुर्गापूरला वीज होऊ लागली. आज त्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे.

आता दिव्याखालचा अंधार. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातली अतिप्रदूषित ठिकाणे काढली, त्यांत चंद्रपूर अगदी वरच्या रांगेत होते. २०२२ साली घुग्घुसला एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून बचावली. त्याच वर्षी वीजकेंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. खाली पोकळी, वर राख आणि कुंपणाशी वाघ, अशा ठिकाणी माणसे संसार करतात, मुलींची लग्ने जमवतात, दिवाळीला घर रंगवतात.

शहापुरात मराठी शिकवणाऱ्या मास्तरला हे दूरचे दुःख कशाला, असे वाचक विचारतील. पण आम्हीही त्याच जातकुळीचे. १८९२ सालापासून आमचे तानसा मुंबईची तहान भागवते आहे. पुढे भातसाही त्या कामाला लागली. मुरबाडच्या गावांनी बारवीच्या धरणाला जमिनी दिल्या. आणि वैशाखात आमच्याच पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. वर्गातल्या पाड्यावरच्या मुली उन्हाळ्यात उशिरा का येतात, हे मला विचारावे लागत नाही.

चंद्रपूरने वीज देऊ नये, शहापूरने पाणी अडवून धरावे, असे कोण म्हणेल? देणे हा मोठाच गुण. पण घेणाऱ्याला देणाऱ्याचे नाव तरी ठाऊक असावे, आणि देणाऱ्याच्या घरात आधी पाणी, आधी स्वच्छ हवा पोचावी, एवढा हट्ट त्याने आपल्या सरकारपाशी धरावा. यंदा आकाशकंदिलाचे बटण दाबताना मुलांनी विचारले, "बाबा, हा उजेड कुठून येतो?" तर नुसते 'खांबावरून' म्हणून मोकळे होऊ नका. नकाशा काढा आणि झरपटेच्या काठावर बोट ठेवा.