सराव परीक्षांचा सोस

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातील शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, एक दृश्य दिसू लागते. रविवारी सकाळी पदवीधर तरुण-तरुणी संगणकासमोर बसतात, दोन तास घड्याळाशी झुंजतात आणि अखेरीस पडद्यावर उमटलेल्या आकड्याकडे पाहून हर्षभरित तरी होतात, नाही तर खिन्न मनाने उठतात. ही खरी परीक्षा नव्हे. तिची रंगीत तालीम. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘कॅट’ गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होत आली आहे. तिच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत कोणी वीस, कोणी तीस, तर कोणी चाळीस सराव परीक्षा देतो. किती दिल्या हे अभिमानाने सांगितले जाते. त्यांतून काय शिकलो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

ही धडपड समजण्यासारखी आहे. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथील दोन संस्थांनी जी परंपरा सुरू झाली, तिच्यात आज वीसहून अधिक संस्था आहेत. २०१५ साली नागपूरला अशी संस्था निघाली आणि २०२३ साली पवईच्या ‘नीटी’चे रूपांतर मुंबईच्या व्यवस्थापन संस्थेत झाले. संस्था वाढल्या तशी गर्दीही वाढली. २०२३ साली सुमारे २ लाख ८८ हजार उमेदवार या परीक्षेस बसले. एवढ्या गर्दीत ९९ शतमक, म्हणजे रूढ शब्दात पर्सेंटाइल, मिळवणाऱ्याच्याही पुढे जवळजवळ २,९०० जण असतात. अशा स्पर्धेत सरावावाचून उतरणे म्हणजे तालमीचे तोंड न पाहता आखाड्यात उडी घेणे होय.

सरावाच्या मोलाविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षकांनी आवर्जून ध्यानात ठेवावा असा आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून तोच पुन्हा वाचला. दुसरा उतारा वाचून, तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहता पुन्हा वाचलेल्याची सरशी होती : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडे फिरले. पुन्हा वाचलेल्यातले ४२ टक्के उरले होते, आठवून लिहिलेल्यातले ५६. स्वतःची परीक्षा घेणे हीही शिकण्याची एक रीत आहे, हे त्यातून दिसते.

परंतु येथे एक भेद विसरला जातो. त्या प्रयोगात शिकलेला मजकूर आणि परीक्षेचा मजकूर एकच होता. प्रवेशपरीक्षेत आधी सोडवलेला प्रश्न जसाच्या तसा पुन्हा भेटत नाही. तेथे सराव व्हावयाचा तो निवडीचा : कोणता प्रश्न हाती घ्यावा, कोणता सोडावा, कोठे थांबावे. २०२० पासून कॅटचा एकूण अवधी दोन तासांचा आहे. भाषा व आकलन, आकडेवारी व तर्क, आणि गणित या तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे, आणि एका विभागातील उरलेला वेळ दुसऱ्यास देता येत नाही. बरोबर उत्तरास ३ गुण, आणि पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर चारांत एकदा ३ मिळतात आणि तीनदा १-१ जातो. हातात शून्य उरते. एक पर्याय खात्रीने चूक म्हणून बाद करता आला, तर मात्र तोल उमेदवाराकडे झुकतो. राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत २०२५ साली १५० मिनिटांत २०० प्रश्न होते आणि चुकीला वजावट नव्हती. म्हणजे जो प्रश्न कोरा सोडणे एकीकडे शहाणपणाचे, तोच कोरा सोडणे दुसरीकडे नुकसानीचे. दोन्ही परीक्षांसाठी एकाच साच्यातील सराव करणारा विद्यार्थी कष्ट करतो, पण भलत्याच परीक्षेचे.

हे भान केवळ चाचणी देऊन येत नाही. दिलेली चाचणी पुन्हा उघडून बसल्याने येते. कोणते उत्तर अज्ञानाने चुकले, कोणते घाईने, कोणते येत असूनही वेळेअभावी राहिले आणि कोणते केवळ नशिबाने बरोबर आले, याची वहीत नोंद करावी लागते. दोन तासांच्या चाचणीमागे असे चार तास खर्चावे लागले तरी ते वाया जात नाहीत. पण हे काम कंटाळवाणे आहे आणि नवी चाचणी देणे उत्कंठेचे. त्यामुळे थर्मामीटर दर तासाला लावावा आणि औषध मात्र घेऊ नये, तसा प्रकार होतो. सराव परीक्षेतील शतमकही त्या चाचणीस बसलेल्यांच्या तुलनेत असते, खऱ्या परीक्षेतील गर्दीच्या नव्हे. त्यावरून वर्षभराची आशा वा निराशा ठरवणे उचित नाही.

आणखी एक गोष्ट कडू असली तरी सांगितली पाहिजे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण बहुधा इंग्रजी उताऱ्यांच्या आकलनात असते. ही उणीव चाचणी दाखवून देते. ती भरून काढू शकत नाही. त्यासाठी दीर्घ, गंभीर आणि विविध विषयांवरील वाचन हाच उपाय आहे, आणि तो तीन महिन्यांत आटोपणारा नव्हे. पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास जो वाचील, त्याला शेवटच्या महिन्यांत चाचण्यांचा ढीग उपसावा लागणार नाही.

प्रश्न शेवटी न्यायाचाही आहे. ज्यांच्या घरी पैसा आहे, त्यांना चाचण्या विकत मिळतात आणि त्या समजावून देणारा मार्गदर्शकही मिळतो. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री अभ्यासास बसणाऱ्या कारकुनाला आणि खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला यांपैकी फारच थोडे लाभते. वस्तुतः परीक्षा घेणाऱ्या संस्था नमुना चाचणी संकेतस्थळावर विनामूल्य देतात. उणीव आहे ती चुका समजावून देणाऱ्या माणसाची. महाविद्यालयांच्या संगणक-प्रयोगशाळा रविवारी कुलुपबंद असतात. महिन्यातून दोन रविवार त्या उघडल्या, गणिताच्या व इंग्रजीच्या एकेका प्राध्यापकाने त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला घेऊन विद्यार्थ्यांच्या चुकांची चर्चा केली, आणि माजी विद्यार्थी व नोकरदार यांनाही दार खुले ठेवले, तर त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही, की एखाद्या समितीचीही नाही.

सराव परीक्षेचे काम उमेदवाराला स्वतःच्या चुकांची ओळख करून देणे एवढेच आहे. ज्याला ती ओळख पटली, त्याला दहा चाचण्या पुरतात. ज्याने ती करून घेतली नाही, त्याला चाळीसही अपुऱ्या पडतात.