कमरेतून पायात उतरणारी कळ

ओझी उचलून, वाकून धुणीभांडी करून कमरेतून पोटरीपर्यंत कळ गेली की घरचे म्हणतात, 'आठ दिवस पडून राहा.' आम्हाला हे पटत नाही. सायटिकात फार पडून राहिल्याने अंग आखडते. सोसेल तेवढे चालावे. सतरंजीवर उताणे झोपून दुखऱ्या बाजूचा गुडघा दोन्ही हातांनी हळूच छातीकडे ओढावा, वीस आकडे मोजून सोडावा. असे तीनदा, सकाळ-संध्याकाळ. हिसका नको. कळ पायात आणखी खाली उतरली तर थांबावे. (आणि पोराला पाठीवर चालायला लावू नये!) मात्र दोन्ही मांड्यांमध्ये बधिरपणा आला, लघवी अडली वा नकळत झाली, किंवा पाऊल लुळे पडले, तर व्यायाम सोडून त्याच दिवशी मोठे सरकारी इस्पितळ गाठावे, रोज बुडाला तरी.