वाडे पाहिले, किनारा राहिला

नाताळची सुट्टी आणि मे महिना या दोन हंगामांत मालवण किनाऱ्यावरील आमच्या धर्मग्रामांत एक नवा शिष्टाचार रूढ होऊ पाहत आहे. मुंबईहून, वसईहून, आखातातून नातलग आले, की त्यांना एक दिवस ‘वाडे दाखवायला’ न्यायचे. त्यासाठी चालकासह वातानुकूलित गाडी ठरवायची, पहाटे निघायचे, रात्री परतायचे. कोणी उत्तरेला रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याकडे जातो, कोणी दक्षिणेला वेंगुर्ल्याची डच वखार पाहून तेरेखोलचा किल्ला गाठतो. एकाच दिवशी दोन्ही टोके उरकण्याचा पराक्रम करणारी कुटुंबेही मी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्याची वर्णने ऐकू येतात: किती खोल्या, किती खिडक्या, जेवणाचे बिल किती. या प्रकाराला मंडळी ‘इतिहास पाहणे’ म्हणतात. माझा या शब्दयोजनेला विरोध आहे, आणि ज्या वृत्तीतून ती निघते तिलाही.

कोणी घाईने असा ग्रह करून घेऊ नये, की या फादरांना पर्यटनाचेच वावडे आहे. १९८१ च्या १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ साली चिपीला विमान उतरले. या पर्यटनावर आमच्या कित्येक घरांच्या चुली पेटतात, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या मुलाने कर्ज काढून गाडी घेतली आहे, त्याला ‘गाड्या बंद करा’ असे सांगण्याइतका मी निष्ठुर नाही. माझे भांडण गाडीशी नाही. गाडीच्या काचेशी आहे. त्या काचेतून फक्त मालक दिसतात, बाकीचे सारे धूसर होते.

थिबा राजवाड्याचेच पाहू. जांभ्या दगडाची ही तीन मजली वास्तू उंचावर उभी आहे. समोर भाट्याची खाडी आणि पलीकडे अरबी समुद्र. आमचे पाहुणे गच्चीवर उभे राहून छायाचित्रे काढतात आणि ‘राजाने जागा छान निवडली’ असे म्हणतात. राजाने ती जागा निवडली नव्हती. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याला मंडालेच्या सिंहासनावरून उतरवले आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. तेव्हापासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, तो सरकारचा कैदी होता. वाडा बांधून झाला १९१० साली. म्हणजे जेमतेम सहा वर्षे तो त्यात राहिला. त्याच्या आधी एका हिंदी बादशहाला याच राज्यकर्त्यांनी रंगूनला नेऊन ठेवले होते. बहादूरशहा जफर १८६२ साली तिथेच वारला. एकाचा राजा दुसऱ्याच्या देशात नेऊन पुरायचा, ही साम्राज्याची रीत होती. तेव्हा रत्नागिरीच्या टेकडीवर आपण जे पाहतो, तो तुरुंग आहे. नक्षीदार खिडक्यांचा, पण तुरुंगच. आणि ज्या समुद्राच्या देखाव्याचे आपण कौतुक करतो, तो समुद्र त्या कुटुंबाला स्वदेशाची वाट अडवणारी भिंत वाटला नसेल, असे कोणी म्हणावे?

या वास्तूच्या कथेतील सर्वांत हृदयद्रावक भाग पाहायला तर गाडी थांबतच नाही. थिबाच्या थोरल्या राजकन्येचे मन वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या दरवानावर जडले. त्या संबंधातून जन्मलेली मुलगी, टूटू, ब्रह्मी राजाची नात, रत्नागिरीतच वाढली, मराठीच बोलली, गरिबीत संसार करून २००० साली तिथेच वारली. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेइन सेन थिबाच्या समाधीला वंदन करायला रत्नागिरीस आले होते. परक्या देशाचा प्रमुख वाट वाकडी करून समाधीपाशी येतो. आणि मालवणहून चार तासांचा प्रवास करून गेलेल्या आपल्या लोकांना समाधीसाठी वेळ नसतो, कारण चार वाजता परत फिरायचे असते!

आता दक्षिणेकडे वळू. वेंगुर्ल्याच्या वखारीला हल्ली ‘डच पॅलेस’ म्हणण्याची टूम निघाली आहे. तो वाडा नव्हे, ते गुदाम होते. १६३७ साली विजापूरच्या आदिलशाहीच्या मुलखात डचांनी ही वखार घातली. मालाची ने-आण हा एक हेतू. दुसरा अधिक निकडीचा हेतू गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करण्याचा. पावसाळा संपला की डच गलबते गोव्याच्या तोंडाशी नांगर टाकीत आणि त्यांना दाणागोटा, पाणी, बातम्या पुरवण्याचे काम वेंगुर्ल्याहून होई. प्रॉटेस्टंट डच आणि कॅथलिक पोर्तुगीज हे दोघेही एकाच प्रभूचे नाव घेत आणि एकाच मिरीसाठी एकमेकांची जहाजे बुडवीत, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी तरी त्या पडक्या भिंतींपाशी उभे राहून पाच मिनिटे मनात घोळवायला हरकत नसावी. वखार पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. छप्पर गेलेले, भिंतींत झाडांची मुळे रुतलेली, अशा अवस्थेत तिचे संरक्षण कसे झाले आहे, हे ज्याचे त्याने जाऊन पाहावे. मात्र पाहायला उतरणारे थोडे. ‘आत काही नाही’ असे सांगून गाडी पुढे हाकली जाते.

आणि पुढे काय लागते? शिरोडा. तिथे थांबा नसतो, कारण तिथे वाडा नाही. तिथे मिठागरे आहेत. १९३० च्या मे महिन्यात या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी डोक्यावर लाठ्या घेतल्या. याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षे मुलांना शिकवले. ज्ञानपीठाचा मान मराठीत प्रथम आणणारा लेखक ज्या लाल धुळीतून शाळेत चालत जाई, ती धूळ गाडीत येऊ नये म्हणून आपण काचा वर करतो.

तेरेखोलबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तो प्रश्न आपल्या घरचा आहे. हा किल्ला मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला आणि नदीच्या अलीकडचा हा इवलासा तुकडा गोव्याला जोडला गेला. आजही रेडीहून चालत गेलात तर कळत-नकळत तुम्ही दुसऱ्या राज्यात शिरता. किल्ल्याच्या पोटात संत अँथनींचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी या किल्ल्यात शिरली आणि तिने तिथे तिरंगा फडकवला. गोवा मुक्त व्हायला त्यानंतर सात वर्षे लागली. गोमंतकीय ख्रिस्ती माणूस पोर्तुगीजांचा पाठीराखा होता, असे जे बोलले जाते, त्याला एवढे एक उत्तर पुरे आहे. पण आपल्यापैकी किती पालकांनी हे नाव मुलांना सांगितले आहे?

पुढे त्या किल्ल्याचे हॉटेल झाले. तटावर खुर्च्या मांडल्या गेल्या, सूर्यास्ताला पेये आली, आणि मधल्या अंगणातील चर्चचे दार एरवी बंद राहून सणाला उघडू लागले. पवित्र स्थान शोभेची वस्तू झाले म्हणजे काय होते, ते तिथे समजते. पाहुणे चर्चच्या पांढऱ्या दर्शनी भिंतीपुढे छायाचित्र काढून घेतात; वेदीपुढे गुडघे टेकण्याचा प्रश्न येत नाही. आणि किल्ल्याबाहेरचे तेरेखोल गाव? मूठभर घरांचे हे गाव, बहुतेक कॅथलिक कुळांचे. २०१५ च्या सुमारास तिथे गोल्फचे मैदान आणि आलिशान निवास उभारण्याच्या योजनेविरुद्ध हे लोक आपल्या जमिनीवर उभे राहिले होते. त्याच काळात आपल्या गाड्या त्यांच्या दारावरून तटाकडे जात होत्या. काच खाली करून ‘काय चालले आहे?’ असे विचारणारा एकही प्रवासी मला भेटलेला नाही.

काचेच्या आतही एक माणूस असतो, आणि तोही आपल्याला दिसत नाही. गाडीचा चालक. गेल्या मे महिन्यात एका मोठ्या उपाहारगृहाच्या फाटकाबाहेर, भर दुपारी, तापलेल्या गाडीत मला एक ओळखीचा तरुण बसलेला दिसला. आत त्याच्याच वाडीतले एक कुटुंब पाहुण्यांसह जेवत होते. ‘जेवलास काय रे?’ असे मी विचारले, तर तो हसला आणि म्हणाला, ‘आमका आत कोण घेतलो, फादर?’ तो पहाटे पाचला निघालेला होता आणि रात्री दहापूर्वी घर दिसण्याचा संभव नव्हता. हे सतरा तास झाले. १९६१ साली या देशात मोटार परिवहन कामगारांसाठी कायदा झाला. त्यात दिवसाचे काम आठ तास धरले गेले आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विसावा सक्तीचा केला गेला. पण तो पाच आणि अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. स्वतःच्या किंवा मामाच्या गाडीवर बसलेला आमचा पोरगा त्या कक्षेत कधी आलाच नाही. त्याचा कायदा म्हणजे मागच्या सीटवर बसलेल्यांची सदसद्विवेकबुद्धी.

‘आम्ही त्याला पूर्ण भाडे देतो, वर बक्षीसही देतो,’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. मान्य. परंतु लूकच्या शुभवर्तमानातील तो धनवान माणूसही लाजरसच्या अंगावर धावून गेला नव्हता, त्याने त्याला हाकलले नव्हते. तो रोज त्या दारातून ये-जा करीत होता, इतकेच. दुसरे असे, की झोप अनावर झालेल्या चालकाच्या हाती कुटुंब सोपवून रात्रीच्या महामार्गावर डुलक्या घेणाऱ्यांनी पैशाचा हिशेब सांगू नये.

आता काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, परदेशांतही लोक असेच वाडे पाहतात. पाहतात ना! अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचे शहर आहे. तिथल्या समुद्रकाठी धनाढ्यांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी महाल बांधले. १८९५ साली पुरा झालेला व्हँडरबिल्ट घराण्याचा ‘द ब्रेकर्स’ सत्तर खोल्यांचा. तिथेही गाड्या जातात, तिथेही चालक असतात. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ‘द एल्म्स’ नावाच्या महालात नोकरांच्या खोल्या, तळघरातील भट्टी, मागचे जिने यांची स्वतंत्र फेरी असते. कोणाच्या श्रमावर ते झुंबर लटकत होते, हे पाहण्यासाठी लोक वेगळे तिकीट काढतात. आणि दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. त्या महालांच्या हिरवळी आणि समुद्र यांच्या मधून साडेतीन मैलांची एक पायवाट जाते. ती सर्वांची आहे. किनाऱ्यावर जाण्याचा, मासे धरण्याचा लोकांचा हक्क त्या भूमीत १६६३ च्या राजसनदेपासून चालत आला आहे आणि राज्याच्या घटनेतही तो राखलेला आहे. ज्यांच्याकडे सत्तर खोल्या बांधण्याइतका पैसा होता, त्यांनाही ती वाट पुसता आली नाही.

आपल्याकडे वाट उलटी चालली आहे. तारकर्लीपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राकडे तोंड असलेली जुनी चिरेबंदी घरे ‘वारसा निवास’ होत आहेत. त्यांत आपल्या घराण्यांची घरेही आहेत, आणि घर पडू देण्यापेक्षा ते चालते ठेवणे केव्हाही चांगले. पण घराबरोबर कुंपण येते, कुंपणाबरोबर पहारेकरी येतो, आणि ज्या पाणंदीतून पिढ्यान्‌पिढ्या लोक वाळूवर उतरत होते, तिच्या तोंडाशी ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी लागते. रापण ओढायला मोकळी वाळू लागते. दोन्ही अंगांनी माणसे दोर धरून मागे सरकतात, त्यांना उभे राहायला जागा हवी. तिथे पाहुण्यांच्या आरामखुर्च्या आणि छत्र्या मांडल्या, की रापणकराने काय पाण्यात उभे राहून दोर ओढायचा? त्याच्याकडून मग मासे मात्र ताजे हवेत! वाडा पाहून भारावलेला माणूस घरी येऊन स्वतःच्या अंगणाचा वाडा करू लागतो. या सहलींपासून मला भीती वाटते ती हीच.

म्हणून माझे मागणे असे आहे. पाहुण्यांना अवश्य न्या, पण एका दिवशी एकच दिशा धरा. रत्नागिरीला गेलात तर समाधीपाशी जा. वेंगुर्ल्याला एस.टी.ने जाता येते. शिरोड्याला उतरून मिठागरे पायी पाहता येतात. तेरेखोलला जायचे तर संत अँथनींच्या सणाला जा, चर्च उघडे असेल आणि गावातील माणसे भेटतील. समुद्रकाठचे घर पाहुण्यांसाठी उघडणार असाल, तर पाणंदीचे फाटक काढा. चालकाला आपल्या पंक्तीला बसवा, निमूटपणे, उपकार केल्याचा आव न आणता. आणि गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या तरुणांनो, तुमच्या जाहिरातीत वातानुकूलन, पाण्याच्या बाटल्या, संगीत हे सारे ठळक छापलेले असते. त्याखाली आणखी एक ओळ छापा: चालक दुपारी एक ते दोन जेवेल व विसावा घेईल, आणि सायंकाळी सातनंतर गाडी मिळणार नाही. ज्याला ते परवडत नाही, त्याचे भाडे घेऊ नका.