पिंक स्लिप मिळालेले घोडे

नोकरी गेली तर काय? अप्रेझलच्या सीझनमध्ये हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात वळवळत असतो. बोस्नियातल्या काही घोड्यांची नोकरी मात्र खरोखरच गेली. त्यांचं पुढे काय झालं, ते बघायला आज पर्यटक जीपमध्ये बसून डोंगर चढतात!

बोस्निया-हर्झेगोविनाच्या नैर्ऋत्येला लिव्हनो नावाचं गाव आहे. तिथलं चीज फेमस, पण सध्या जास्त बोलबाला आहे तो घोड्यांचा. गावामागे त्सिंत्सार पर्वत आहे, उंची २,००६ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेतीनशे मीटरनं जास्त. त्याच्या पायथ्याच्या पठारावर साधारण ७०० ते ८०० घोडे मोकळे हिंडतात. लगाम नाही, नाल नाही, तबेला तर नाहीच.

पण हे काही पिढीजात जंगली नव्हेत बरं का. त्यांचे पूर्वज शेतात राबायचे, ओझी वाहायचे. साधारण १९५० ते १९७० च्या दशकांत गावात ट्रॅक्टर आले, माणसं शहराकडे गेली आणि घोड्यांना पोसणं परवडेना. मालकांनी त्यांना सरळ डोंगरात सोडून दिलं. नोटीस पिरियड नाही, सेटलमेंट नाही!

त्यांनी मग आपलं आपलं बस्तान बसवलं. एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं असा एकेक कळप. वयात आलेल्या नरांना घराबाहेर काढलं जातं, मग ते ‘बॅचलर्स’ एकत्र टोळी करून राहतात. (ओळखीचं वाटतंय ना?) चुनखडीच्या या पठारावर पाणी कमी, हिवाळ्यात कडाक्याचा बर्फ आणि वर लांडग्यांची भीती. तरीही ते टिकले.

इथे जायचं तर सोबत लोकल गाइड मस्ट आहे. एक तर कळप रोज जागा बदलतात. दुसरं कारण जास्त सीरियस. १९९२ ते १९९५ च्या युद्धात पेरलेले भूसुरुंग बोस्नियात काही ठिकाणी अजूनही आहेत. त्यामुळे ‘जरा त्या टेकडीमागे जाऊन येतो’ हा ट्रेकर्सचा आवडता उद्योग इथे बंद! मे ते ऑक्टोबर हा बेस्ट सीझन. क्रोएशियातल्या स्प्लिटहून रोडनं दोनेक तासांत लिव्हनो गाठता येतं. फक्त शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा घ्या, नाहीतर बोस्नियातून परत स्प्लिटला शिरणार कसे?

आता रोमान्स थोडा बाजूला ठेवू. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून हायवेवर मीठ टाकतात. ते चाटायला घोडे रस्त्यावर येतात आणि गाड्यांना धडकतात. कधी घोडा मरतो, कधी गाडीतली माणसं जखमी होतात. भरपाई कुणाकडे मागायची, जखमी घोड्याला डॉक्टर कुणी आणायचा? कागदावर त्यांना संरक्षण आहे, पण मालक कुणीच नाही. मोकळं असण्याची ही दुसरी बाजू ब्रोशरमधल्या ग्लॉसी फोटोत दिसत नाही.

म्हणूनच या टूर्सना महत्त्व आहे. ज्यांना पोसणं एके काळी गावाला जड झालं होतं, त्यांच्यामुळेच आज गावातल्या गाइडला, जीपवाल्याला, हॉटेलवाल्याला चार पैसे मिळतात. घोडे जगले तर धंदा जगेल, हा साधा हिशोब आहे. पण तो बिघडवणंही आपल्याच हातात आहे. सेल्फीसाठी शिंगराच्या अंगावर धावलात, बिस्किटं चारलीत, की जनावराची भीड चेपते. माणूस म्हणजे खाऊ हे एकदा कळलं, की ते उद्या गाडीसमोरही बिनधास्त उभं राहणार. तेव्हा झूम लेन्स घ्या, लांब उभे राहा आणि बॅगेतला खाऊ बॅगेतच ठेवा.

माणसानं एकदा त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं. आता बघायला जाताय, तर पाहुण्यासारखे जा!