नावांची विक्री
आंतरजालावरील पत्त्याचे, व्यवहारात ज्यास डोमेन म्हणतात त्याचे, नाव नोंदवताच विक्रीस मांडावे की काही काळ दप्तरी पडू द्यावे, याविषयी जाणकारांत मतभेद असले, तरी माझ्या मते विलंबाने पदरात काही पडत नाही. कारण नव्या नोंदणीनंतर पहिले 60 दिवस ते नाव एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे नेण्यास सामान्यतः मज्जाव असतो खरा, परंतु त्याच रजिस्ट्रारच्या दप्तरी मालकी पालटण्यास बहुधा हरकत नसते, आणि सेडो किंवा आफ्टरनिक यांसारख्या पेठांत नाव त्याआधीही मांडता येते. खरा विवेक लागतो तो किमतीत. ‘व्हॉइस डॉट कॉम’ 2019 साली 3 कोटी डॉलरांस विकले गेले, ही वार्ता ऐकून हौशी इसम आपल्या यःकश्चित नावावरही अवाच्या सवा आकडा चढवतो, आणि मग दरसाल नूतनीकरणाची फी, पडीक जमिनीच्या साऱ्याप्रमाणे, मुकाट्याने भरत राहतो. सामान्य नावास निश्चित किंमत लावावी; दुर्मिळ एकशब्दी नावास मात्र प्रस्ताव मागवावेत. एखाद्या प्रस्थापित व्यापारचिन्हाशी जुळणारे नाव त्याच्याच मालकास, खर्चाहून अधिक दामाने, विकण्याच्या हेतूने नोंदवणे हा तर डोमेन-नावांविषयीच्या 1999 च्या तंटा-निवारण धोरणानुसार दुष्ट हेतूचा पुरावाच ठरतो. तसले नाव वाचकांनी मुळात घेऊच नये.