डोंगरावर धूर दिसला की ड्रोन पेटीतच ठेवा

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांना आणि सुट्टीत त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हात जोडून विनंती आहे: वणवा पेटला की ड्रोन उडवू नका. व्हिडिओसाठी नको, आणि ‘घर वाचलं का ते बघतो’ म्हणून तर मुळीच नको.

हे दुसरं कारण मुद्दाम लिहिलं आहे, कारण ते चांगल्या माणसांचं कारण आहे. 9 जानेवारी 2025 रोजी पॅसिफिक पॅलिसेड्स जळत असताना एकाने सँटा मोनिकातल्या पार्किंगच्या इमारतीवरून आगीचं नुकसान बघायला ड्रोन सोडला. अडीच किलोमीटरवर तो नजरेआड झाला आणि क्यूबेकहून मदतीला आलेल्या सुपर स्कूपर विमानाच्या डाव्या पंखावर आदळला. दोन्ही वैमानिक सुखरूप उतरले. पण पंखाला भोक पडलं होतं. पाण्यावरून सरकत बारा सेकंदांत सुमारे सहा हजार लिटर पाणी भरून घेणारं ते विमान ऐन आगीत दुरुस्तीला गेलं. त्या ड्रोनचं वजन 250 ग्रॅमच्याही आत होतं. ‘एवढासा तर आहे, नोंदणीसुद्धा लागत नाही’ असं घरात कुणी म्हणालं, तर त्याला या भोकाची आठवण करून द्या.

या वैमानिकांच्या हाताशी मुळातच फार थोडी जागा असते. 25 जुलै 2023 रोजी ग्रीसमधल्या एव्हिया बेटावर पाणी टाकून वळताना विमानाचा पंख झाडाला लागला. दोघे वैमानिक गेले. 23 जानेवारी 2020 रोजी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये आग विझवणारं सी-130 विमान कोसळून तीन अमेरिकन कर्मचारी गेले. या दोन्ही ठिकाणी ड्रोन नव्हताच. धूर, वारा आणि झाडाच्या उंचीवरून उडणं, एवढंच पुरलं.

म्हणून ड्रोन नुसता दिसला तरी विमानं मागे घ्यावी लागतात. 17 जुलै 2015 रोजी कहोन खिंडीत पाच ड्रोनमुळे पाणी टाकायला सुमारे वीस मिनिटं उशीर झाला, आणि आग आय-15 महामार्गावर उतरून गाड्या पेटल्या. माणसं गाड्या सोडून पळत होती.

आगीच्या कामात ड्रोनने अडथळा आणणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, शिवाय 75,000 डॉलरपर्यंत दंड.

आकाशासारखंच पाणीही मोकळं लागतं: तळ्यावर असाल आणि पाणी भरणारं विमान किंवा हेलिकॉप्टर येताना दिसलं, तर बोट लगेच काठाला घ्या. गोव्यातल्या नातलगांनाही हे कळवा. मार्च 2023 मध्ये म्हादईच्या जंगलात हेलिकॉप्टरांनीच पाणी टाकलं होतं.

वाढदिवसाला ड्रोन मिळालेल्या मुलाशी आजच, आग नसताना, बोला. आगीजवळ कुणी ड्रोन उडवताना दिसलं तर आधी थांबवा. ऐकलं नाही तर लगेच पोलिसांना कळवा. घराची खबर हवी असेल तर काउंटीच्या पाहणीची वाट बघा. तेवढे तास कठीण जातात. त्या काळात एखाद्या शेजाऱ्याला फोन करा, आपल्या मराठी मंडळींपैकी कुणालाही करा, पण आकाश मोकळं ठेवा.